पेनीवरची दोन टिंबं : तांब्याच्या नाण्यांचे ठसे कसे ओळखावेत

मागच्या बैठकीत मी व्हिक्टोरिया राणीची १८४१ सालची तांब्याची पेनी दाखवली. तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, "बडोद्यात राहून गायकवाडी पैसे सोडून हे विलायती तांबं कशाला?" तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हे टिपण.

उत्तर सरळ आहे. ठसे ओळखायला शिकायचं तर पेनीवर शिकावं. नाणं मोठं, साधारण ३४ मिलिमीटर व्यासाचं आणि पावणेएकोणीस ग्रॅम वजनाचं. त्यामुळे दहापट भिंगाखाली सगळं दिसतं. शिवाय तिच्या प्रकारांची बारकाईने नोंद झालेली आहे. सी. विल्सन पेक यांनी ब्रिटिश म्युझियममधल्या तांब्याच्या, कथलाच्या आणि कांशाच्या इंग्लिश नाण्यांची सूची १९६० मध्ये छापली. गणिताच्या पुस्तकात शेवटी उत्तरं असतात ना, तसं आहे हे. आपलं उत्तर ताडून बघता येतं.

आता ठशांत फरक का पडतो ते पाहू. माझी नोकरी कारखान्यातल्या डाय-पंचांमध्ये गेली. टाकसाळीचं काम त्याच जातीचं. मूळ कोरीव कामावरून उठावाचा पंच करायचा आणि तो मऊ पोलादात दाबून कामाचे अनेक ठसे काढायचे. हे ठसे झिजतात, तडकतात, म्हणून सारखे नवे लागतात. त्या काळी सालाचे आकडे, काही अक्षरं, टिंबं हातानेच पंच ठोकून उमटवत किंवा दुरुस्त करत. जिथे हात आला तिथे फरक आला. तीन उदाहरणं देतो.

पहिलं, टिंबांचं. पेनीच्या मागच्या बाजूला ब्रिटानियाभोवती लॅटिनमध्ये राणीची बिरुदं आहेत. त्यात 'रेजिना' म्हणजे राणी, याचं 'रेग' असं लघुरूप आहे. १८४१ च्या काही पेन्यांवर 'रेग'पुढे दोन टिंबं आहेत, काहींवर नाहीत. गंमत म्हणजे टिंबं नसलेला प्रकारच जास्त सापडतो.

दुसरं, त्रिशूळाचं. १८५३ आणि १८५४ या दोन्ही साली ब्रिटानियाच्या हातातला त्रिशूळ दोन प्रकारचा आहे, एक नक्षीचा आणि एक साधा.

तिसरं, आकड्यावर आकडा. १८५८ च्या काही पेन्यांवर शेवटच्या ८ खालून ७ डोकावतो. ठसा तयार करणं कष्टाचं काम, म्हणून आदल्या सालचा ठसा फेकून न देता त्यावरच नवा आकडा ठोकला. टाकसाळीची काटकसर आपल्याला अशी डोळ्यांनी दिसते.

पण प्रत्येक वेगळेपण म्हणजे नवा प्रकार नव्हे, आणि नवखे इथेच फसतात. एक नियम पाठ करा: ठशात जे खोल, ते नाण्यावर उठून येतं. ठसा तडकला तर नाण्यावर बारीक उठावाची रेघ येते. नाण्यावर खोलगट ओरखडा असेल तर तो टाकसाळीतून बाहेर पडल्यानंतरचा, त्याचा ठशाशी संबंध नाही. टिंब दिसत नसेल तर तीन शक्यता: ते ठशात नव्हतंच, ठशातली खाच घाणीने भरली होती, किंवा नाणं वापरून झिजलं. तीच खूण दुसऱ्या, कमी झिजलेल्या नाण्यावर नेमकी त्याच जागी सापडली, तरच प्रकाराचं नाव घ्यावं. एका नाण्यावरून निकाल देऊ नये.

हा धडा मला महागात पडला. नक्षीकार विल्यम वायन यांची आद्याक्षरं, दोन डब्ल्यू, राणीच्या मानेच्या खालच्या कडेवर असतात. १८५८ मध्ये ती अक्षरं नसलेल्याही पेन्या आहेत. अशी एक मला मिळाल्यासारखं वाटलं. मानेवर हिरवट थर होता. खात्री करायच्या घाईत घरच्या तांब्याच्या कळशीसारखी ती चिंच-मीठ लावून घासली. पेनी लख्ख झाली, अक्षरं दिसली नाहीत, आणि मी खूश! मग एका जाणकारांनी विचारलं, "अक्षरं नव्हती, की तुम्ही घासून घालवलीत?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. थराबरोबर पुरावाही गेला. माझ्या वहीत ती पेनी आजही 'अनिर्णित' या रकान्यात आहे.

या तांब्याचा आपल्या भागाशी खरा संबंधही आहे. मॅथ्यू बोल्टन यांनी बर्मिंगहॅमजवळ सोहो इथे वाफेच्या यंत्रावर टाकसाळ उभी केली. तिथून मुंबई इलाख्यासाठी कंपनीची तांब्याची नाणी पाडून आली, त्यांवर १७९१ साल आहे. एका बाजूला कंपनीची गासडीवरची खूण, दुसऱ्या बाजूला तराजू. इंग्लंडसाठी बोल्टन यांची ती प्रसिद्ध जाड, एक औंसाची पेनी आली १७९७ मध्ये. म्हणजे सोहोचं तांबं विलायतेतल्या बाजारात पेनी म्हणून फिरण्याआधी आपल्याकडच्या नाण्यांवर सहा वर्षं आधीचं साल पडलेलं होतं.

आणि गायकवाडी पैसे? सयाजीराव महाराजांच्या काळातल्या, यंत्रावर पाडलेल्या तांब्याच्या पैशांवर देवनागरीत संवत आहे. भिंग तेच, नियम तोच. संवताचे आकडे, अक्षरांची ठेवण, कडेपासूनचं अंतर हे नाण्यामागून नाणं लावून तपासायचं. पेनीवर नजर बसली की हे काम हातात येतं.

म्हणून सभासदांना एकच विनंती. घरातल्या जुन्या डब्यात, देवघरात तांब्याचे पैसे असतील तर घासू नका. आहेत तसे, कागदाच्या पुडीत, बैठकीला घेऊन या. दोन्ही बाजूंचे फोटो काढू, वजन करू, वहीत नोंद करू. लख्ख करायला काय, कधीही करता येईल. पण एकदा घासलं की परत विचारायला काही उरत नाही.