अपडेट अडकलं? सात नंबर दाबू नका!

मागच्या उन्हाळ्यात हिंगणघाटहून मावसभावाचा फोन आला. "दादा, पीएस४चं अपडेट चालू होतं अन् लाईन गेली. आता नुसतं सेफ मोड दाखवते. सात नंबर दाबू का?"

म्हटलं, "थांब, हात नको लावू!"

सात नंबर म्हणजे सिस्टिम नव्याने टाकणं. त्यात गेम, सेव्ह, सगळं पुसलं जातं. त्याच्या तीन वर्षांच्या सेव्ह त्यातच होत्या. क्लाउड बॅकअपला पीएस प्लस लागतं, ते त्याच्याकडे नव्हतं.

आपल्याला हवा तीन नंबर, म्हणजे फक्त अपडेट. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. त्यात इंग्रजी कॅपिटलमध्ये 'पीएस४' फोल्डर, त्याच्या आत 'अपडेट' फोल्डर आणि त्यात प्लेस्टेशनच्या साइटवरची फाइल. गोम इथेच आहे: साइटवर दोन फाइली आहेत, नाव एकच! अपडेटची साधारण अर्धा जीबी, रीइन्स्टॉलची जवळपास दुप्पट. लहान घ्या.

कन्सोल पूर्ण बंद करा. पॉवर बटण दाबून धरा, सुमारे ७ सेकंदांनी दुसरी बीप आली की सोडा. कंट्रोलर केबलनेच जोडा. नुसती चार्जिंगची केबल चालत नाही, भाऊ तिथेच अडकला होता. मग तीन नंबर, यूएसबीवरून अपडेट.

वीस मिनिटांत गेम सुरू, सेव्ह जशाच्या तशा. तरीही कन्सोल रीइन्स्टॉलच मागत असेल, तर सात नंबर हा शेवटचा उपाय.

म्हणून आजच सेव्ह पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. लाईन काही सांगून जात नाही!