रविवारची घरं

टेक्सासमधल्या फ्रेडरिक्सबर्गला काही घरं इतकी छोटी आहेत, की यात माणसं राहायची कशी, असा प्रश्न पडतो. ती रोज राहण्यासाठी नव्हतीच! १८४६ मध्ये जर्मनीहून आलेल्या लोकांनी हे गाव वसवलं. शेतं मात्र लांब. म्हणून शेतकरी कुटुंबं शनिवारी येत, बाजार करत, गावात मुक्काम करत आणि रविवारी चर्चला जाऊन परतत. त्या मुक्कामापुरती बांधलेली ही ‘संडे हाउस’. खाली एक-दोन खोल्या, वर पोटमाळा.

जुनं जपायचं असतं, हे गावाला उशिरा कळलं. १८४७ ची अष्टकोनी ‘फेराइन्स किर्शे’ ही त्यांची पहिली सार्वजनिक इमारत. प्रार्थना तिथेच, शाळाही तिथेच. पन्नासेक वर्षांनी ती पाडली गेली. मग १९३० च्या दशकात गावकऱ्यांनी संस्था काढून तिची प्रतिकृती उभारली. पण प्रतिकृती ती प्रतिकृतीच.

आज काही संडे हाउस संग्रहालयात आहेत, तर काहींत पाहुणे उतरतात. आसपासच्या खेड्यांतल्या जुन्या शाळाही लोकांनी राखल्या आहेत.

आपले पूर्वजही इंदूर-बडोद्याला असेच दुरून आले. आजोबांच्या वाड्याचं काय करायचं, हे उद्या आपल्यालाच ठरवावं लागेल. तो वाचवणं प्रत्येकाला जमेलच असं नाही. पण या सुट्टीत खोल्याखोल्यांचे फोटो काढा, आणि कुठल्या खोलीत काय चालायचं, ते आजीला विचारून लिहून ठेवा.