रानडुकराचा पैसा आणि शेतकऱ्याचा पैसा

भात पोटरीत आले आणि रताळ्याच्या वेलाखाली कंद धरू लागला की खानापूर तालुक्यातील रानाकडेच्या गावांत शेतकऱ्याची झोप उडते. चार महिने राबून उभे केलेले पीक डुकरांचा कळप एका रात्रीत उलथून टाकतो. खातो थोडे, तुडवतो फार. अशा वेळी "डुकराने आमचे खाल्ले, आता डुकरानेच भरून द्यावे" असे कोणी म्हणाले तर त्याचा राग आम्हांला समजतो. परंतु या रागातून काही घरांत फासकी आणि गावठी बॉम्ब येऊ लागले आहेत, आणि सणावाराला पिशवीतून मांस विकले जाऊ लागले आहे. यास्तव या विषयावर चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हांला अगत्याचे वाटते.

परदेशातील उदाहरण

आपले तरुण मोबाइलवर अमेरिकेतील टेक्सास राज्याची चित्रे पाहतात. तेथे डुकरे पकडून लोक पैसे मिळवतात, मग आपण का नाही, असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे.

टेक्सासमधील रानडुक्कर मूळचे तेथले नव्हे. युरोपातून गेलेल्या लोकांनी नेलेल्या डुकरांची ती रानटी झालेली संतती होय. तेथे खाजगी जमिनीवर मालकाच्या संमतीने त्यांना मारण्यास २०१९ पासून शिकारीचा परवानाही लागत नाही. जिवंत पकडलेली डुकरे मान्यताप्राप्त ठिकाणी वजनावर विकली जातात. २०११ च्या कायद्यानंतर तर हेलिकॉप्टरमधून शिकार करू देण्याचेही पैसे घेतले जातात. एवढे असूनही तेथील शेतकऱ्याचा त्रास संपलेला नाही.

त्याच देशातील जॉर्जिया राज्यात फोर्ट बेनिंग या लष्करी तळावर २००७ साली डुकराच्या प्रत्येक शेपटीमागे ४० डॉलर बक्षीस ठेवले होते. शेकडो शेपट्या जमा झाल्या, हजारो डॉलर वाटले गेले. पुढे अभ्यासकांनी पाहणी केली, तेव्हा डुकरे घटण्याऐवजी वाढलेलीच दिसली. शिकारी डुकरांना जवळ आणण्यासाठी रानात दाणा टाकत होते, आणि त्या दाण्यावर डुकरे पोसली जात होती. काहींनी तर मांसाच्या कारखान्यांतून शेपट्या आणल्याचेही बोलले गेले.

यातून घेण्यासारखा धडा एकच. जेथे डुकरावर पैसा मिळतो, तेथे डुक्कर संपावे असे कोणालाच वाटत नाही. शिवाय ज्याच्या शेताची नासाडी झाली तो एक, आणि ज्याच्या खिशात पैसा गेला तो दुसराच.

आपल्याकडील कायदा

आपले रानडुक्कर या मातीचेच जनावर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते येते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, त्याचे नाव दुसऱ्या अनुसूचीत आहे. गोळी घालणे एवढीच शिकार नव्हे. फासकी लावणे, विष घालणे, हाकारा करून पकडणे आणि तसा प्रयत्न करणे हीदेखील कायद्याने शिकारच. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत हाच गुन्हा घडल्यास शिक्षा याहून कडक आहे. बाळगणारा व विकत घेणाराही यातून सुटत नाही.

पीक नासवणारे डुक्कर मारण्याची लेखी परवानगी मुख्य वन्यजीव वॉर्डन किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी देऊ शकतो. परंतु परवानगीने मारलेले डुक्करही सरकारची मालमत्ता ठरते. केरळ सरकारने २०२२ साली अशा परवानगीचा अधिकार ग्रामपंचायत अध्यक्षांकडे दिला. बंदुकीचा परवाना असलेल्यांकडूनच डुक्कर मारून घ्यायचे आणि मग ते पुरायचे, अशी तेथील रीत आहे. मांसाची विक्री तेथेही नाही.

जिवावरचा खेळ

विजेच्या खांबावरून तार ओढून शेताला लावणे हे तर महापाप समजावे. अंधारात पाणी पाजायला निघालेला शेजारी, गुरे राखणारे पोर किंवा आपलाच भाऊ त्या तारेला चिकटतो. पुढे मनुष्यवधाचा खटला आणि दोन घरांचे कायमचे वैर. गावठी बॉम्बही डुक्कर आणि गाय यांत भेद करीत नाही. मे २०२० मध्ये केरळात स्फोटके भरलेले फळ चावल्याने एक गाभण हत्तीण तडफडून मेली. तसले फळ तेथे डुकरांसाठीच ठेवले जात असे.

आता आरोग्याचे. रानडुकराच्या मांसाची तपासणी कोणी केलेली नसते. त्यात ट्रिकिनेला नावाचा बारीक कृमी असू शकतो. मांस अर्धेकच्चे राहिल्यास तो माणसाच्या स्नायूंत जाऊन बसतो. ताप येतो, डोळ्यांभोवती सूज येते, अंग ठणकते. मीठ लावून किंवा धूर देऊन तो मरेलच असे नाही. कापताना हाताला जखम असेल तर इतर रोगही शिरतात.

ज्यांच्या घरी डुकरे पाळलेली आहेत त्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. आफ्रिकन स्वाइन फीवर हा रोग २०२० साली आपल्या देशात आला. माणसाला त्याचे भय नाही, पण पाळीव व रानटी दोन्ही डुकरे त्याने पटापट मरतात. रानडुकराच्या मांसाचे धुवण किंवा उरलेसुरले तुकडे घरच्या डुकरांपुढे टाकले, तर सबंध खुराडे रिकामे होऊ शकते.

मग करावे काय?

१. नुकसान होताच वनखात्याला कळवावे. शेत साफ करण्यापूर्वी फोटो काढावेत, पंचनामा करून घ्यावा. उतारा व बँकेचे पासबुक जोडून भरपाईचा अर्ज करावा. कंटाळा करून हक्काचे पैसे सोडू नयेत.

२. कुंपण एकट्याने करू नये. एकाचे शेत बंद झाले की कळप शेजाऱ्याच्या शेतात शिरतो. दहा-पंधरा जणांनी मिळून सलग पट्ट्याला सौर कुंपण घालावे. बॅटरीवरील यंत्र क्षणभराचे झटके देते, त्याने जनावर घाबरते पण मरत नाही. सर्वांत खालची तार जमिनीपासून वीतभरच उंच असावी, आणि तारेला टेकणारे गवत सतत कापावे. सरकारी मदतीची चौकशी रयत संपर्क केंद्रात करावी.

३. जुन्या साड्या, डबे, फटाके यांना डुक्कर चार दिवसांत सरावते. म्हणून उपाय आलटूनपालटून करावेत, आणि पीक पिकू लागले की पाळीपाळीने माळ्यावर राखण ठेवावी.

४. तरुणांना या कामात खरी कमाई आहे. कुंपण उभारणे, त्याची देखभाल करणे, हंगामात रात्रीची राखण करणे यासाठी शेतकऱ्यांनी वर्गणी काढून ठरावीक मजुरी द्यावी. वाचलेल्या पिकातून दिलेली ही मजुरी कोणाला जड जाणार नाही. आणि ती घेणाऱ्याला पोलिसांच्या जीपचा आवाज ऐकून दचकावे लागणार नाही.

५. नाताळाला डुकराचे मांस हवे असेल तर घरी स्वच्छ खुराड्यात डुकरे पाळावीत. पशुवैद्यांचा सल्ला घेऊन केलेला हा धंदा उजळ माथ्याने करता येतो.

बंधुभगिनींनो, ८० व्या स्तोत्रात रानडुकराने नासवलेल्या द्राक्षमळ्याचा उल्लेख आहे. त्या मळ्याचे कुंपण आधी मोडले होते, मग डुक्कर आत शिरले. आपल्या गावाचेही तसेच आहे. शेजारी शेजाऱ्याला धरून राहिला तर कुंपण टिकेल. १५ मे रोजी शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिदोर यांचा सण येतो. पेरणीला तेव्हा थोडेच दिवस उरलेले असतात. त्या दिवशी मिस्सानंतर रानाकडेच्या सर्व शेतकऱ्यांनी चर्चच्या आवारात थांबावे. कोणाचे शेत कोठून कोठपर्यंत, तार किती लागेल आणि राखणीला कोण येणार, याची यादी आपण तेथेच करू.