वहिवाट आणि सनद

११ जानेवारी २०२१ रोजी व्हॅटिकनच्या दफ्तरातून बाहेर पडलेल्या 'स्पिरितुस दोमिनी' या पोप फ्रान्सिस यांच्या फर्मानाने वाचक आणि वेदीसेवक हे दोन हुद्दे स्त्रियांना खुले केले, आणि लगोलग स्वागत करणाऱ्यांनी क्रांतीची, तर नाके मुरडणाऱ्यांनी अनर्थाची भाषा सुरू केली. वसईकडील एखाद्या कॅथलिक गृहिणीला मात्र या गलबल्याचे नवलच वाटले असेल. रविवारच्या मिस्सेत वाचनपीठाशी उभे राहून बायबलातील पहिला उतारा स्वच्छ मराठीत वाचणे, गायनवृंद सांभाळणे, मुलांना धर्मशिक्षण देणे ही कामे तिच्या केव्हाच अंगवळणी पडली होती. मग या फर्मानाने तिला मिळाले ते नेमके काय?

मिळाली ती सनद. वहिवाट तिची होतीच, पण तिची दप्तरी नोंद नव्हती. आणि कसणारा एक व सात-बाराच्या उताऱ्यावर नाव दुसऱ्याचे, या स्थितीत किती धाकधूक असते हे कोणत्याही जुन्या कुळाला विचारावे. एका धर्मगुरूने उत्तेजन दिले म्हणून बायका वाचनपीठाशी आल्या, तर त्याच्या जागी येणाऱ्या दुसऱ्याची मर्जी फिरताच त्यांनी मुकाट्याने बाकावर जाऊन बसावे, एवढाच त्या वहिवाटीचा आधार होता.

या हुद्द्यांचा पूर्वेतिहास फार जुना आहे. सन २५१ च्या सुमारास रोमचा महागुरू (बिशप) कॉर्नेलियस याने अंत्युखियाच्या फाबियसला लिहिलेले एक पत्र युसेबियसच्या इतिहासग्रंथात जतन झाले असून, त्यात एखाद्या चोख कारकुनाने तयार करावी तशी रोमच्या ख्रिस्तसभेची हजेरीपटावरील यादीच आहे: धर्मगुरू ४६, डीकन ७, सबडीकन ७, वेदीसेवक ४२, आणि भूतबाधा उतरविणारे, वाचक व द्वारपाल मिळून ५२; शिवाय विधवा व निराधार १,५०० हून अधिक. या सर्वांचा योगक्षेम प्रभूच्या कृपेने ख्रिस्तसभेतच चालतो, असेही तो अभिमानाने नमूद करतो. ज्या काळी रोमचे साम्राज्य या पंथाचा छळ करीत होते, त्या काळी दार उघडणाऱ्यालाही पदनाम आणि पटावर स्थान होते, ही गोष्ट मला कोणत्याही आधुनिक फर्मानाहून अधिक विलक्षण वाटते.

पुढे शतके लोटली तशी ही जिवंत कामे पौरोहित्याच्या जिन्यावरील नुसत्या पायऱ्या होऊन बसली. दीक्षार्थी तरुणाने द्वारपाल व्हावे पण दार कधी उघडू नये, भूतबाधा उतरविणारा व्हावे पण भूत कधी पाहू नये, असा प्रकार सुरू झाला. आणि वेदीशी प्रत्यक्ष सेवा करीत राहिली ती गावातील शाळकरी पोरे. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ही कामे पुन्हा खरीखुरी करावीत, त्यासाठी ब्रह्मचारी न मिळाल्यास सच्छील विवाहित पुरुषही चालतील, असा हुकूम काढला. तो कागदावरच राहिला. अखेर १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी हे कनिष्ठ हुद्दे रद्द करून वाचक व वेदीसेवक एवढे दोनच ठेवले आणि ते प्रापंचिकांना खुले केले. मात्र प्राचीन परंपरेचा हवाला देऊन 'केवळ पुरुषांना' अशी मेख मारून ठेवली. त्यामुळे बहुतेक ठिकाणी ही पदे सेमिनरीतील विद्यार्थ्यांपलीकडे गेलीच नाहीत आणि कामे मात्र बिनसनदी स्त्रीपुरुष करीत राहिले.

स्त्रीला वेदीपासून किती हात दूर ठेवावे याचा हिशेब रोमने मोठ्या काटेकोरपणे ठेवलेला दिसतो. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार पुरुष नसल्यास आणि सबळ कारण असल्यास तिने मिस्सेची उत्तरे द्यावीत, पण ती दुरून, वेदीजवळ मुळीच न येता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या आरंभीच्या नियमांत लायक पुरुष हजर नसल्यास तिला वाचनाची मुभा मिळाली, परंतु गर्भागाराबाहेर उभे राहून. १९७३ साली आजारी व वृद्धांना कम्युनियन नेऊन देण्यासाठी विशेष सेवक नेमण्याचा हुकूम निघाला, त्यातील पसंतीक्रम पाहावा: प्रथम वाचक, मग सेमिनरीचा विद्यार्थी, मग संन्यस्त पुरुष, मग संन्यस्त भगिनी, मग धर्मशिक्षक आणि शेवटी सामान्य पुरुष वा स्त्री! हा क्रम बदलण्याची मुखत्यारी महागुरूंना होती, हे नशीब. कारण मुलामा दिलेली ती लहानशी डबी गळ्यातील पिशवीत जपून घेऊन, वाटेत कोणाशी गप्पा न मारता अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीच्या खाटेशी जाणारी, प्रार्थना म्हणून तिला कम्युनियन देणारी व्यक्ती पुष्कळदा त्या यादीच्या तळाचीच असते.

हे फर्मान अचानक आकाशातून पडलेले नाही. वाचकपद स्त्रियांना खुले करावे, असे २००८ च्या बिशपांच्या सभेनेच सुचविले होते. ते बारा वर्षे पडून राहिले. २०१९ साली अ‍ॅमेझॉन खोऱ्याच्या प्रश्नावर भरलेल्या सभेने, जेथे धर्मगुरूचे दर्शन महिनोन्महिने होत नाही आणि वाड्यावस्त्यांतील उपासना स्त्रियाच चालवितात तेथील अनुभवावरून, ही मागणी पुन्हा केली. त्याच सभेत विवाहित पुरुषांना दीक्षा देण्याचाही विषय निघाला होता. त्याला पोपनी बगल दिली. स्त्रियांच्या डीकनपदाचा विचार करण्यासाठी २०१६ व २०२० साली आयोग नेमले गेले, त्यांतूनही हे फर्मान निघेपर्यंत काही हाती आलेले नव्हते. फर्मानासोबत व्हॅटिकनच्या धर्मतत्त्व विभागाचे तेव्हाचे प्रमुख कार्डिनल लादारिया यांना धाडलेल्या पत्रात पोपनी दुसऱ्या जॉन पॉल यांच्या १९९४ च्या निवाड्याची आठवण देऊन पौरोहित्याचे दार बंद असल्याचे स्पष्टच बजावले आहे. तेव्हा ज्यांना यात क्रांती दिसते त्यांनी ते पत्र वाचावे, आणि ज्यांना अनर्थ दिसतो त्यांनीही तेच वाचावे.

तरीही सनदेला मोल आहे, असे मी म्हणेन. बाप्तिस्म्यातून लाभलेला अधिकार ही कोणाची मेहेरबानी नव्हे, हे तत्त्व रोमने स्त्रीच्या बाबतीत कलमबद्ध केले. त्यानंतर बिशप-परिषदांनी वयाच्या व योग्यतेच्या अटी ठरवून महागुरूंच्या हस्ते हे हुद्दे प्रत्यक्ष बहाल करावयाचे होते, आणि आपल्याकडे त्याला किती अवधी लागेल याबद्दल मला फारशी आशा नव्हती. शिवाय धर्मसंहितेच्या ज्या २३० व्या कलमातून पुरुषत्वाची अट उडाली, त्याच कलमातील पुढील वाक्याला फर्मानाने धक्का लावलेला नाही: या नेमणुकीमुळे ख्रिस्तसभेकडून निर्वाहखर्च वा मोबदला मागण्याचा हक्क निर्माण होत नाही.