विहीर बघून मोटार, काम बघून संगणक



ठिबकचा महाडीबीटीवरील अर्ज, सात-बाराचा उतारा, मुलांची शिष्यवृत्ती, प्रवेशाचे फॉर्म, घरचा जमाखर्च ही सारी कामे आता संगणकावर आली आहेत. मोबाईलवर ती होत नाहीत असे नाही, पण लांबलचक फॉर्म भरताना आणि मुलांना अभ्यास करताना मोबाईल अपुरा पडतो. त्यामुळे गटातून हिंडताना खताच्या मात्रेबरोबरच "साहेब, घरी संगणक घ्यायचाय, कोणता घेऊ?" हाही प्रश्न हल्ली कानावर येतो. प्रश्न रास्त आहे. आडसाली उसाला सोळा-सतरा महिने राबल्यावर बिलाचा हप्ता हाती येतो. तो पैसा नको त्या वस्तूत अडकू नये, म्हणून हा लेख.

विहिरीवर मोटार बसवताना आपण पाण्याची खोली, पाइपलाइनची लांबी आणि विहिरीला येणारे पाणी बघतो, मगच अश्वशक्ती ठरवतो. पाचची मोटार पुरते तिथे पंधराची बसवली तर विहीर लवकर कोरडी पडते आणि बिल मात्र वाढते. संगणकाचेही तसेच आहे. आधी काम ठरवा, मग प्रोसेसर, मग त्याला जुळणारा मदरबोर्ड. या क्रमाने गेलात तर फसगत होणार नाही.

लिनक्स का?

संगणक चालवायला एक मूळ प्रणाली लागते. बहुतेकांना विंडोज माहीत आहे. लिनक्स ही तशीच दुसरी प्रणाली. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहिला आणि सर्वांना खुला केला. उबुंटू, लिनक्स मिंट ही तिचीच रूपे असून ती फुकट मिळतात. आपल्या सी-डॅक संस्थेनेही 'बॉस' नावाची लिनक्स तयार केली आहे. इंटरनेट, युनिकोड मराठी टंकलेखन, पत्रे आणि हिशेबाचे तक्ते एवढी कामे लिनक्सवर उत्तम होतात. परवान्याचा पैसा वाचतो, तो मेमरीत घालता येतो.

मात्र टॅलीसारखे विंडोजसाठीच बनवलेले प्रोग्रॅम रोज लागत असतील तर लिनक्सच्या वाटेला जाण्याआधी विचार करावा. प्रिंटर घेतानाही तो लिनक्सवर चालतो का, हे आधी विचारावे.

प्रोसेसर : चित्र आतच हवे

प्रोसेसर म्हणजे संगणकाचे इंजिन. घरगुती कामाला चार कोअरचा साधा प्रोसेसर भरपूर झाला. पण एक अट आहे. पडद्यावर चित्र दाखवणारा भाग, म्हणजे ग्राफिक्स, त्याच्या आतच असला पाहिजे. नाहीतर वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागते.

इथेच माणूस फसतो. आमच्या गटातील एका सभासदाने स्वस्त पडला म्हणून इंटेलचा आय-३ १२१००एफ घेतला. मशिन जोडले, पंखा फिरला, पण पडदा काळाच. त्या शेवटच्या 'एफ' अक्षराचा अर्थच 'आत ग्राफिक्स नाही' असा होतो. वाचवलेल्या पैशापेक्षा कार्डाचा खर्च जास्त झाला. नुसता आय-३ १२१०० घेतला असता तर हे झाले नसते. २०२२ साली आलेल्या या प्रोसेसरात चार कोअर आहेत, ग्राफिक्स आत आहे आणि तो वर्षानुवर्षे घरकामाला पुरेल.

एएमडी कंपनीत उलट आहे. तिथे आपल्या कामाच्या स्वस्त प्रोसेसरांपुढे 'जी' अक्षर असले की ग्राफिक्स आत आहे असे समजावे. अॅथलॉन ३०००जी (२०१९) दोन कोअरचा, ३५ वॅटचा. फॉर्म आणि पत्रव्यवहार एवढेच काम असेल तर चालतो. रायझन ३ ३२००जी (२०१९) चार कोअरचा. रायझन ५ ५६००जी (२०२१) सहा कोअरचा. मुलगा प्रोग्रॅमिंग शिकत असेल तरच त्याचा विचार करावा.

तिसरा मार्ग इंटेल एन-१०० चा. २०२३ साली आलेला हा चार कोअरचा प्रोसेसर अवघ्या ६ वॅटच्या वर्गातला आहे. इन्व्हर्टरवर संगणक चालवायचा असेल त्या घराला हा सोयीचा. मात्र तो बोर्डावर कायमचा डाख दिलेला असतो, पुढे बदलता येत नाही.

लिनक्सच्या दृष्टीने इंटेल आणि एएमडी दोन्ही चांगले. दोघांच्या आतल्या ग्राफिक्सची सोय लिनक्सच्या गाभ्यातच असते, वेगळे काही बसवावे लागत नाही.

मदरबोर्ड : नटाला नट, बोल्टाला बोल्ट

प्रोसेसर ज्या पाट्यावर बसतो तो मदरबोर्ड. प्रोसेसरची बैठक म्हणजे सॉकेट. आय-३ १२१०० ची बैठक एलजीए १७००, तर वर सांगितलेल्या एएमडी प्रोसेसरांची एएम-४. एकाचा प्रोसेसर दुसऱ्यावर बसतच नाही.

पण बैठक जुळली म्हणजे काम झाले असेही नाही. बैठक एकच असली तरी बोर्डावरचा चिपसेट तो प्रोसेसर ओळखणारा हवा. उदाहरणार्थ, ३२००जी साठी बी ४५० चिपसेटचा बोर्ड चालतो, पण एएमडीच्या यादीप्रमाणे ए ५२० ला तो अधिकृतपणे जुळत नाही. त्याच ए ५२० वर ५६००जी मात्र व्यवस्थित चालतो. म्हणून बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलला चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते, ती पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आय-३ साठी एच ६१० चिपसेटचा साधा बोर्ड पुरतो. काही एच ६१० बोर्डांना डीडीआर-४ मेमरी लागते, तर काहींना डीडीआर-५. एकीची कांडी दुसरीच्या खाचेत बसत नाही. जोडी बघूनच घ्यावी. बोर्डावर मेमरीच्या दोन खाचा, एसएसडीसाठी एम.२ ची जागा आणि केबलने इंटरनेट जोडायची सोय एवढे बघा. रंगीत दिव्यांच्या बोर्डाला जादा पैसे मोजायचे कारण नाही.

वाचलेला पैसा कुठे घालावा?

मेमरी किमान ८ जीबी, जमल्यास १६. आतले ग्राफिक्स याच मेमरीतून वाटा घेते, म्हणून इथे काटकसर नको. साठवणीसाठी २५६ जीबीची एसएसडी घ्यावी. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कपेक्षा तिने मशिन किती चपळ होते ते पहिल्याच दिवशी कळते.

आपल्याकडे विजेचा दाब वरखाली होतो. तेव्हा चांगल्या कंपनीचा पॉवर सप्लाय, यूपीएस आणि घराचे अर्थिंग ही चैन नव्हे. गाळपाच्या हंगामात धूळ आणि काजळी उडते. वर्षातून दोनदा तरी वीज काढून पंखा साफ करावा.

जुने मशिन वाईट नाही

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. विंडोज ११ अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीच्या अलीकडचे इंटेल प्रोसेसरच घेते. त्यामुळे कचेऱ्यांतून सहाव्या-सातव्या पिढीची चालती मशिन बाहेर पडतात. लिनक्सला ती उत्तम चालतात. बजेट अगदीच कमी असेल तर असे मशिन घेऊन त्यात एसएसडी घालावी. एवढे लक्षात ठेवा की मोठ्या कंपन्यांच्या तयार मशिनमधला बोर्ड आणि पॉवर सप्लाय बरेचदा खास मापाचा असतो. बिघडल्यास बाजारातला कोणताही बसत नाही.

खरेदीपूर्वी

१) दोन-तीन दुकानांतून लेखी दरपत्रक घ्या. 'आय-३' एवढेच नको. प्रोसेसर आणि बोर्ड यांचे पूर्ण मॉडेल लिहून घ्या.

२) आय-३ ची पिढी विचारा. बारा वर्षांपूर्वीचाही आय-३ असतो.

३) पेन ड्राइव्हवर लिनक्स भरून न्या. ती मशिनमध्ये न बसवताही चालवून बघता येते. आवाज, इंटरनेट, पडदा दुकानातच तपासा. यूएसबीच्या वायफाय कांड्या लिनक्सवर कधी कधी अडतात, त्याही तिथेच लावून बघा.

४) पक्के बिल आणि प्रत्येक भागाची वॉरंटी वेगवेगळी लिहून घ्या.

बेणे निवडताना आपण शेजाऱ्याचा ऊस उंच दिसला म्हणून तेच बेणे आणत नाही. आपली जमीन, आपले पाणी बघतो. संगणक घेतानाही तोच हिशेब ठेवावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी