सुरक्षा आणि सुरक्षितता : एका पदनामाचा विचार

विद्यापीठाच्या आवारात ‘सुरक्षा अधिकारी’ म्हटले की फाटकावरील पहारेकऱ्यांचा प्रमुख डोळ्यांपुढे येतो. कारखान्यात मात्र हेच पदनाम अपघात टाळणाऱ्या तज्ज्ञाचे असते. एकाच शब्दावर दोन अर्थांचा भार पडला आहे. १९६९ साली उभारलेले ‘केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल’ मालमत्तेची राखण करते. महाराष्ट्राचे ‘औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय’ कामगाराच्या जिवाची काळजी वाहते.

या दोन अर्थांतील भेद खंडाळ्याच्या घाटात प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. तेथे लोहमार्गाचा उतार सदतिसास एक इतका तीव्र आहे. अनावर झालेली गाडी थोपविण्यासाठी मुख्य मार्गालगत चढाचे आडमार्ग ठेवलेले आहेत. ही योजना चोराविरुद्ध नसून उताराविरुद्ध आहे. रेल्वेच्या हिंदी परिभाषेत पहिल्या प्रकारास ‘सुरक्षा’ व दुसऱ्यास ‘संरक्षा’ अशी निराळी नावे आहेत.

१९७६ च्या दुरुस्तीने कारखाना अधिनियमात, शासनाने फर्माविल्यास, हजार वा अधिक कामगारांच्या कारखान्यात असा अधिकारी नेमणे आवश्यक ठरविले. विद्यापीठ म्हणजे कारखाना नव्हे. परंतु प्रयोगशाळेतील आम्ले, ज्वालाग्राही द्रावके व दाबाखालील वायू यांना हा भेद ठाऊक नसतो. त्यांची तपासणी करणाऱ्यास पहारेकऱ्याचे नाव दिले, तर गळक्या नळीची वर्दी घेऊन विद्यार्थी त्याच्याकडे जाणार कसा? मराठीत ‘सुरक्षितता’ हा शब्द रूढच आहे. या पदास ‘सुरक्षितता अधिकारी’ म्हणावे, हे उचित होय.