गर्डरच्या माथ्यावरचे ठिगळ

दिवाळीच्या सुमारास आमच्या सोलापूर जिल्ह्यात गळीत हंगामाची लगबग सुरू होते. साखर कारखान्यात चरकाचे अवजड रोलर उचलणारी क्रेन ज्या गर्डरवरून धावते, त्याकडे कधी मान वर करून पाहा. इंग्रजी ‘आय’ अक्षरासारख्या त्या गर्डरच्या माथ्यावर पुष्कळदा एक पालथा चॅनल जोडलेला असतो. खालच्या अंगाला तसे काही नसते. तरुणपणी मला ते दुरुस्तीचे ठिगळ वाटले होते. पुढे पुस्तके धुंडाळताना कळले, की गर्डर मुद्दामच असा विषम घडवतात.

कारण समजायला प्लॅस्टिकची फूटपट्टी पुरे. दोन्ही टोके धरून ओढली, तर ती सरळच राहते. टोकांकडून दाबली, की लगेच बाक येतो. दोन टेकूंवरच्या गर्डरवर भार आला, की वरची पट्टी दाबली जाते आणि खालची ताणली जाते. दाबलेली पट्टी बाजूला सरकू पाहते, ताणलेली जागा सोडत नाही. या ओढाताणीत गर्डर पिळवटून कलंडतो, तोही पोलादाची पूर्ण ताकद वापरली जाण्याआधीच. याचे गणित १८९९ मध्ये जर्मनीत लुडविग प्रांटल आणि ऑस्ट्रेलियात ए. जी. एम. मिशेल यांनी स्वतंत्रपणे मांडले.

उपाय असा, की जिथे दाब तिथे रुंदी द्यायची. जाडी तीच ठेवून २०० मिलिमीटरची पट्टी ३०० केली, तर पोलाद दीडपट लागते; पण बाजूला वाकण्याला होणारा विरोध रुंदीच्या घनाप्रमाणे, म्हणजे सुमारे ३.४ पट वाढतो. शिवाय भार घेऊन सरकणारी ट्रॉली थांबताना जो आडवा धक्का बसतो, तोही चॅनल झेलतो. ‘आयएस ८०० : २००७’ या भारतीय संहितेत अशा विषम छेदांसाठी वेगळे सूत्र दिलेले आहे. मात्र माथा जड झाला, की ताण आणि दाब यांच्या मधली तटस्थ रेषा वर सरकते. म्हणून खालच्या पट्टीवरचा ताण वेगळा तपासावा लागतो.

पुलांवर अनेकदा याच्या उलट दिसते. वरची पट्टी लहान आणि खालची मोठी, कारण वरचा दाब काँक्रीटचा स्लॅब घेणार असतो. पण ओले काँक्रीट आधार देत नाही, ते नुसते ओझे असते. १० ऑक्टोबर २००२ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील मार्सी येथे एका पादचारी पुलावर काँक्रीट ओतणे चालू होते. त्याचा गर्डर पन्हळीसारखा, वरून उघडा होता आणि वरच्या कडांना बाजूने जखडणारी सलग बांधणी नव्हती. तो पिळवटून कोसळला. एक कामगार ठार झाला, नऊ जखमी झाले.

पूल पुरा झाल्यावर किती भार पेलेल, एवढेच पाहून म्हणूनच भागत नाही. बांधकामाच्या प्रत्येक टप्प्यावर विचारायला हवे: आज दाबाखाली असलेली कड कोणती, आणि तिला धरून कोण आहे? उत्तर मिळेपर्यंत त्यावर माणूस चढवू नये.